दिवाळीनंतरच्या आठवड्यात घरच्या घरी गोधडी: तीन सुती लुगडी, एक पाय मशीन आणि रोजचे पाच तास

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीनंतर आठवडाभर सुट्टी असून रोज चार-पाच तास मोकळे मिळणार आहेत. कपाटात आजीची चार नऊवारी लुगडी आहेत, त्यांपैकी तीन सुती आणि एक रेशमी. घरात पाय मशीन आहे, साधे शिवणकाम येते, पण गोधडी कधी शिवलेली नाही. सात दिवसांत एका माणसाला पांघरता येईल अशी गोधडी होईल का, ती हाताने शिवावी की मशीनवर, आत काही भरावे का, आणि उरलेल्या कापडातून संक्रांतीपर्यंत काय करता येईल?

गोधडी होईल. मात्र पहिल्या तीन दिवसांत धावदोऱ्याचा एकही टाका घालायचा नाही, ही अट पाळावी लागेल. टाका थोडा वेडावाकडा आला तर दोन धुण्यांनंतर तो कोणाच्या नजरेसही येत नाही. घरी शिवलेल्या गोधड्या वाया जातात त्या विरलेले कापड वरच्या थरात गेल्यामुळे, न धुतलेले नवे कापड जुन्याला जोडल्यामुळे आणि थर एकमेकांना नीट न बांधता घाईने शिवायला घेतल्यामुळे. या तिन्ही गोष्टी शिवण पडण्याआधीच ठरलेल्या असतात, आणि नंतर त्या सुधारायच्या म्हटल्या तर सगळे उसवण्यावाचून गत्यंतर नसते.

आधी कापडाचा हिशेब करू, कारण मापही त्यावरूनच ठरेल. नऊ वार म्हणजे २७ फूट. लुगड्याचा पन्हा साधारण ४५ इंच धरू. तुमच्याकडचा मोजून घ्या, कारण जुन्या हातमागाच्या लुगड्यांत दोन-तीन इंचांचा फरक सहज आढळतो. गोधडीची लांबी ७ फूट ठेवली तर एका लुगड्यातून सात-सात फुटांचे तीन तुकडे निघतात आणि ६ फूट कापड उरते. तीनपैकी एक तुकडा लांबीच्या दिशेने मधोमध कापला की साडेबावीस इंच रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतात. एक अखंड तुकडा आणि एक पट्टी जोडली की जोडशिवणीचा इंचभर वजा जाऊन सुमारे ६६ इंच रुंदीचा एक थर तयार होतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर, दोन लुगड्यांत चार थर. कडा सरळ कापल्यानंतर हाती येणारी गोधडी साधारण ६४ इंच रुंद आणि ७ फूट लांब, म्हणजे एका माणसाला ऐसपैस होईल अशी असेल. तिसरे लुगडे गोटासाठी, म्हणजे कडांवर फिरवायच्या पट्टीसाठी, आणि लहानसहान वस्तूंसाठी राखून ठेवावे.

पुण्यातल्या थंडीला चार थर पुरतात. कोकणात किंवा मुंबईत तीनसुद्धा जास्तच होतात, तर निफाडसारख्या ठिकाणी सहा थर लागतात. मात्र पहिल्याच गोधडीला सहा थर घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. चार थरांमधून सुई बोटांच्या जोराने जाते, सहा थरांमधून ती प्रत्येक टाक्याला ढकलावी लागते आणि तिसऱ्या दिवशी अंगठा दुखायला लागून कामाचा उत्साह मावळतो. आत काही भरण्याची गरज नाही. कापूस भरायची ती रजई. गोधडी नुसत्या कापडाच्या थरांची असते, आणि थरांच्या मध्ये अडकलेली हवा हीच तिची ऊब असते. पातळ ब्लँकेट किंवा टॉवेल आत घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण टॉवेल ओला झाला की वाळता वाळत नाही आणि कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट आतल्या आत सरकत राहते. जुनी सुती चादर मधल्या थरात घातली तर हरकत नाही.

पहिला दिवस कापड पारखण्याचा आणि धुण्याचा. लुगडे खिडकीपाशी धरून उजेड आरपार पाहावा. कापड जिथे विरलेले असते तिथे उजेड जाळीतून आल्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी दिसतो, आणि आडवे धागे एकमेकांपासून सुटून नुसते उभे धागे उरलेले दिसतात. काष्टा घालून नेसलेले लुगडे बहुधा काष्ट्याच्या आणि बैठकीच्या जागी विरते, तर खालचा काठ पावलांना घासून खालावलेला असतो. सहावारी साडी असेल तर निऱ्या खोचण्याची जागा आणि खांद्यावर पिन लावण्याची जागा आधी पाहावी. ज्या जागेबद्दल शंका वाटते ती दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणावी, आधी उभी आणि मग आडवी. चर्रकन आवाज आला तर ती जागा गोधडीच्या बाहेर, निदान वरच्या आणि खालच्या थरांतून तरी बाहेर. आपल्या हिशेबात प्रत्येक लुगड्यामागे ६ फूट कापड उरते ते याचसाठी. ते शेवटीच उरले पाहिजे असे नाही. विरलेला भाग मध्यभागी असेल तर एका बाजूला १४ फूट आणि दुसऱ्या बाजूला ७ फूट असे तुकडे घेऊन मधला भाग वगळता येतो. थोडेफार विरलेले पण न फाटलेले कापड आतल्या दोन थरांत खुशाल जाऊ द्यावे, तिथे त्याला घासणी नसते.

त्यानंतर रंगाची परीक्षा. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून लुगड्याच्या गडद भागावर ठेवावा आणि त्यावर गरम इस्त्री दाबून धरावी. डाग उमटला तर त्या लुगड्याचा रंग अजून सुटतो आहे. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, ही समजूत सर्वत्र आढळते, पण रंगवून विकायला आलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने बसत नाही. निघणारा रंग निघून जाईपर्यंत कोमट पाण्यात वेगळे धुणे एवढेच आपल्या हातात असते, आणि तीन धुण्यांनंतरही पाणी रंगीत येत असेल तर ते कापड फिक्या रंगाच्या शेजारी लावू नये. लुगड्यांना खळ असेल तर तीही या धुण्यात पूर्ण जायला हवी, कारण खळीचे कापड सुईला विरोध करते आणि साठवणीत कसर लागण्याचे ते एक कारण असते. नवीन मांजरपाट अस्तर म्हणून वापरणार असाल तर ते गरम पाण्यात रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापावे. जुनी लुगडी आटायची तेवढी केव्हाच आटून गेलेली असतात. नवे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि मग सगळ्या गोधडीवर पुळ्या उठतात.

ऋतूचा येथे फायदा आहे. गावाकडे नवरात्रापूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची रीत आहे आणि नव्या गोधड्या बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात, शेतीची कामे हलकी असताना, अंगणात बसून शिवल्या जातात. तुम्ही दिवाळीनंतरचा आठवडा निवडला आहे. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी असते आणि सकाळी धुतलेले सुती कापड दुपारपर्यंत कडकडीत वाळते, त्यामुळे धुण्याला एका दिवसापेक्षा जास्त वेळ द्यावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी इस्त्री, कापणी आणि जोडणी. जुने कापड टरकावून फाडण्याची शिंप्यांची पद्धत येथे वापरू नये, कारण फाडताना बसणारा हिसका कडेजवळचे धागे कमकुवत करून जातो. त्याऐवजी कापडाच्या कडेला लहानशी कात्री मारून एक आडवा धागा सुईच्या टोकाने सोडवावा आणि हळूहळू ओढावा. तो निघाला की कापडावर बारीक सरळ रेघ दिसते, त्या रेघेवर कात्री चालवली की तुकडा काटकोनात येतो. सगळ्या थरांचे उभे धागे गोधडीच्या लांबीच्याच दिशेने राहिले पाहिजेत. एक थर आडवा आणि एक उभा लावला तर ते वेगवेगळ्या प्रमाणात ताणले जातात, आणि वर्षभरात गोधडी एका कोपऱ्यातून झोळ धरते.

जोडण्या मशीनवरच कराव्यात. हे काम हाताने करण्यात वेळेचा अपव्यय आहे. अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, ठेवून साधी टीप घालावी आणि माया इस्त्रीने एका बाजूला बसवावी. येथे एक बारकावा आहे. आपल्या प्रत्येक थरात एक रुंद तुकडा आणि एक अरुंद पट्टी आहे, त्यामुळे जोड मध्यावर न येता एका बाजूला येतो. पहिल्या थरात तो डावीकडे आला तर दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात पुन्हा डावीकडे पण दोन इंच सरकवून, असे थर मांडावेत. सगळे जोड एकावर एक आले तर तिथे कापडाची जाड दोरीच तयार होते, सुई अडते आणि अंगाखाली ती रेघ टोचत राहते. काठाचेही तसेच. लुगड्याचा काठ घट्ट विणीचा असतो. वरच्या थरावर तो शोभेसाठी राहू द्यावा, पण आतल्या थरांत जोडाच्या जागी येणारा काठ कापून टाकावा.

ठिगळांची रंगीत नक्षी वर हवी असे तुमच्या मनात असेल तर या आठवड्यात तो विचार बाजूला ठेवा. चौकोनी तुकडे कापून, जोडून सात फुटांचा वरचा थर तयार करायलाच सबंध आठवडा जातो. शिवाय चांगल्या विणीचे अखंड लुगडे वर दिसण्यात जो डौल आहे तो तुकड्यांना क्वचितच येतो, निदान माझे मत तरी तसे आहे.

तिसरा दिवस थर मांडण्याचा आणि कच्चे टाके घालण्याचा, आणि माझ्या मते सगळ्या आठवड्यातला सर्वांत महत्त्वाचा. यासाठी आठ फूट लांब-रुंद मोकळी फरशी हवी आणि मदतीला आणखी एक माणूस हवा. फरशी पुसून कोरडी करून घ्यावी. सर्वांत खालचा थर उलटी बाजू वर करून पसरावा आणि त्याच्या चारही कडा कागदी चिकटपट्टीने फरशीला लावाव्यात. कापड सपाट बसावे इतकेच ताणावे. ओढून ताणले तर पट्टी काढल्यावर ते आखडते आणि वरचे थर फुगतात. त्यावर एकेक थर मधून कडांकडे हाताच्या तळव्याने सपाट करत पसरावा. हात नेहमी मध्यापासून बाहेर गेला पाहिजे. सर्वांत वरचा थर सुलटा. चारही थर पसरल्यावर पाटे, डबे, जे हाताशी असेल ते वजन म्हणून ठेवावे आणि मग पांढऱ्या दोऱ्याने तीन-तीन इंचांचे लांब कच्चे टाके घालायला सुरुवात करावी. पहिली ओळ बरोबर मध्यातून उभी, दुसरी मध्यातून आडवी, आणि पुढच्या ओळी साधारण एकेका वितीच्या अंतराने दोन्ही बाजूंना. सेफ्टी पिना लावून हे काम लवकर उरकता येते, पण विरत आलेल्या लुगड्याला पिनेचे भोक राहते, म्हणून जुन्या कापडाला मी कच्चे टाकेच सुचवते. चार तास या कामात गेले तरी ते वाया गेले असे समजू नये, कारण पुढचे तीन दिवस गोधडी उचलून, फिरवून, मांडीवर घेऊन शिवायची आहे आणि तेवढ्या हालचालीत थर जागचे हलू न देणे हे फक्त याच टाक्यांच्या भरवशावर असते.

आता मुख्य शिवण. हाताने की मशीनवर, याचे उत्तर पुन्हा हिशेबातच आहे. ६४ इंच रुंदीत एकेक इंचाच्या अंतराने उभ्या ओळी घातल्या तर ६३ ओळी होतात. सात फुटांची एक ओळ नवख्या हाताला अर्धा तास घेते, म्हणजे ३१-३२ तास, जे तुमच्या सुट्टीत बसत नाहीत. दोन इंचांचे अंतर ठेवले तर ३१ ओळी होतात, म्हणजे साडेपंधरा तास. चौथा, पाचवा आणि सहावा दिवस मिळून रोज दहा ओळी आणि एखादी जास्त, हे पाच तासांत सहज बसते. दोन इंचांवर शिवलेली गोधडी वापरायला पूर्ण योग्य असते. मधल्या ओळी पुढे संक्रांतीपर्यंत, रोज एखादी याप्रमाणे, सवडीने घालता येतील, कारण तोपर्यंत थर पक्के बांधले गेलेले असतील. पहिल्यांदा शिवणाऱ्या व्यक्तीने हाच मार्ग धरावा, असे मला वाटते.

दोऱ्याचाही अंदाज देते. ३१ ओळी गुणिले ७ फूट म्हणजे २१७ फूट, सुमारे ६६ मीटर. टाका वर-खाली जाताना लागणारा दोरा आणि प्रत्येक वेळी गाठीला व शेवटी वाया जाणारी टोके धरून ८५ ते ९० मीटर दोरा हाताशी हवा. भरतकामाचा जाड, पिळाचा सुती दोरा, ज्याला दुकानात ८ नंबरचा पर्ल कॉटन म्हणतात, तो उत्तम. गुंड्यावर मीटर छापलेले असतात ते पाहून घ्यावे आणि सगळे गुंडे एकाच वेळी घ्यावेत, कारण पुढच्या खेपेला तोच रंग किंचित वेगळा येतो. शिलाई मशीनचा कृत्रिम धाग्याचा दोरा हाताच्या टाक्याला वापरू नये. तो सुती कापडापेक्षा चिवट असतो आणि कालांतराने टाक्याच्या जागी कापडच कापत जातो. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची, ३ ते ५ नंबरची घ्यावी. हाताच्या सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते आणि मशीनच्या सुईचा वाढतो तशी जाड होते, हे दुकानात लक्षात ठेवावे. दाभण मात्र वापरू नये, ते पोत्यांसाठीच बरे.

दोरा एका वेळी दीड हातापेक्षा लांब घेऊ नये आणि तो मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्यावा. एका टोकाला बारीक गाठ मारून सुई ओळीच्या सुरुवातीपासून इंचभर अलीकडे फक्त वरच्या थरात घालावी आणि बरोबर ओळीवर बाहेर काढावी. मग दोरा हलका झटका देऊन ओढला की गाठ टक् असा बारीक आवाज करून वरच्या थराखाली सरकते आणि दोन थरांमध्ये अडकून बसते. ती पुन्हा बाहेर येत नाही आणि अंगालाही लागत नाही. पुढे साधा धावदोरा. उजवा हात सुई वर-खाली झुलवतो आणि डाव्या हाताची तर्जनी गोधडीच्या खाली सुईचे टोक येण्याची वाट पाहत असते. टोक बोटाला जेमतेम जाणवले की लगेच सुई वर वळवायची. खालचे बोट सुईपर्यंत पोचत नसेल तर सुई चौथ्या थरातून गेलीच नाही असे समजावे. सुईवर तीन-चार टाके भरले की दोरा ओढायचा. इंचात तीन ते चार टाके आले की पुरेसे आहेत, त्याहून बारीक टाक्यांनी चार थरांची गोधडी कडक होते. मधल्या बोटात अंगुस्तान घातले नाही तर दुसऱ्या दिवशी शिवणे अवघड जाते. ओळ संपताना जागच्या जागी दोन उलटे टाके घालून सुई थरांच्या आतून इंचभर पुढे काढावी आणि दोरा कापडालगत कापावा.

पहिली ओळ मध्यावरची. त्यानंतर एक ओळ डावीकडे, एक उजवीकडे, असे बाहेर जात राहावे. ओळी सरळ येण्यासाठी शिंप्याच्या खडूने आणि लांब पट्टीने दर वेळी दोनच ओळी आखाव्यात, कारण खडू हाताने पुसला जातो. बसायचे गोधडीवरच. आपल्या वजनाने थर जागच्या जागी दबून राहतात, म्हणून भरतकामाची रिंग लावण्याची गरज पडत नाही. जुन्या लुगड्याला तर रिंगेचा ताण सोसतही नाही.

कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घालत आत जाणारी पद्धतही आपल्याकडे आहे आणि ती दिसायला देखणी असते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी नावाच्या ज्या गोधड्या शिवतात त्यांचे टाके असेच कडेकडून आत जातात. परंतु त्या वरचे तुकडे शिवत शिवतच जोडत जातात, त्यामुळे कापडाचा फुगवटा पुढच्या तुकड्याखाली जिरतो. तुमचा वरचा थर आधीच अखंड पसरलेला आहे. कडा आधी बंद केल्या तर सगळा फुगवटा मध्यावर येऊन साचेल आणि तो काढायला जागाच उरणार नाही.

मशीनवर शिवायचेच झाले तर चार थर उषाच्या किंवा सिंगरच्या जुन्या पाय मशीनला जड नाहीत. सुई १६ नंबरची लावावी, टाका लांब करावा आणि वरचा स्क्रू थोडा सैल करून कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब कमी करावा. मशीनचे दाते फक्त खालच्या थराला पुढे ओढतात आणि वरचा थर पायाखाली मागे रेटला जातो, म्हणून सगळ्या ओळी एकाच दिशेने शिवाव्यात, एक वर आणि एक खाली अशा नव्हेत. गोधडी दोन्ही बाजूंनी गुंडाळून मध्यातून सुरुवात करावी आणि मशीनच्या डाव्या बाजूला व मागे स्टूल ठेवून तिचा भार पेलावा, नाही तर लोंबणारे वजन सुई वाकवते. जुन्या लुगड्यांचा भुसा फार पडतो. दर पाच-सहा ओळींनी बॉबिन केस काढून शटलची जागा ब्रशने साफ करावी आणि दिवसअखेर तेलाचा एक थेंब द्यावा. मशीनची गोधडी एका दिवसात होते आणि टिकतेही. फक्त टीप घट्ट बसल्याने थर दाबले जातात, म्हणून ती हाताच्या गोधडीइतकी मऊ लागत नाही. घरात रोज धुतले जाणारे पांघरूण हवे असेल तर मशीन, आजीचे लुगडे अंगावर घ्यायचे असेल तर हात, असे मी सांगेन.

सातव्या दिवशी कडा आणि गोट. चारही कडा पट्टी लावून सरळ कापाव्यात. गोटाला तिसऱ्या लुगड्याचा काठ वापरावा. गोधडीचा घेर सुमारे २४ फूट ८ इंच होतो आणि एका बाजूचा काठ २७ फूट असतो, म्हणजे एकच काठ जोड न देता सगळीकडे फिरतो. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी फक्त गोलाईला लागते, सरळ कडेला उभ्या धाग्याची पट्टी पुरते. काठ तीन-साडेतीन इंच रुंद असेल तर त्याची एक कडा सुलट्या बाजूने मशीनवर अर्ध्या इंचावर टीप घालून लावावी, मग काठ उलट्या बाजूला वळवून आत दुमडावा आणि हाताने हेम घालावी. कोपऱ्यापाशी अर्धा इंच आधी थांबून, पट्टी तिरकी दुमडून मगच पुढच्या कडेला वळवावी. कोपऱ्यात ओढून घेतलेला गोट सर्वांत आधी फाटतो. शेवटी कच्चे टाके काढून गोधडी थंड पाण्यात, सौम्य साबणाने एकदा धुवावी आणि दोरीवर न लटकवता दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी. ओली असताना तिचे वजन नव्या टाक्यांवर पडू देऊ नये.

उरलेल्या कापडाचे म्हणाल तर तिसऱ्या लुगड्याचे दोन्ही काठ काढल्यावर ३८ इंच रुंदीचे २७ फूट कापड हाती राहते. त्याच्या चांगल्या भागातून १२ फुटांत तान्ह्या बाळासाठी दुहेरी थराची दोन दुपटी होतात. ओळखीत कोणाचा बाळंतविडा करायचा असेल तर इतके मऊ कापड बाजारात शोधूनही मिळणार नाही. दुपट्याला चारही बाजूंनी आणि तीन-तीन इंचांवर धावदोरा पुरे, गोट लावू नये, तो बाळाच्या गळ्याशी टोचतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तिळगुळाचे बटवे हा दुसरा उपयोग. ७ इंच रुंद आणि १८ इंच लांब तुकड्याचा एक बटवा धरला तर ६ फूट कापडात २० बटवे निघतात. जुने कापड नाडीच्या ओढीने फाटते म्हणून आत मांजरपाटाचे अस्तर द्यावे आणि नाडी दुसऱ्या काठाची उभी चिरफळी करून, दुमडून शिवावी. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, त्यामुळे गोधडीच्या मधल्या ओळी आणि बटवे ही दोन्ही कामे एकमेकांना न अडवता होतील. विरलेल्या तुकड्यांची पायपुसणी करावीत, त्यांना याहून अधिक वेळ देण्यात अर्थ नाही.

राहिले रेशमी लुगडे. ते गोधडीत घालू नका. रेशमाला आणि सुताला वेगवेगळे धुणे लागते, जरीचा काठ सुईने उसवतो आणि जुने रेशीम घडीवर आधीच चिरत आलेले असते. तुम्हाला ते वापरातच आणायचे असेल तर चांगल्या राहिलेल्या भागाची उशीची वरची खोळ करा, आतून मलमलीचे अस्तर लावून, म्हणजे ती काढून वेगळी स्वच्छ करता येईल. नाही तर ते धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवावे आणि दर तीन-चार महिन्यांनी बाहेर काढून सावलीत हवा देऊन घडीची जागा बदलावी. डांबरगोळ्या ठेवायच्या असतील तर त्या कापडाला लागू देऊ नयेत, वेगळ्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवाव्यात.